चौलच्या बाडाचं शेवटचं पान

१

एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात मिरच्यांची पिशवी, म्हणून वनमालानं दार कोपरानं ढकललं. ते नुसत्या धक्क्यानं उघडलं आणि ती दारातच थबकली. कारण बापू लिहायला बसले की आतून कडी लावून बसत. शेजारच्या शेळीनं एकदा त्यांचं अख्खं प्रकरण चावून गिळलं होतं, तेव्हापासूनची ही शिस्त. कुणी आलं तर आधी खिडकीतून तोंड बघायचं, ओळखीचं असेल तरच कडी काढायची.

"बापू?"

आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बापू, म्हणजे गावाचे आदिनाथ गुरुजी, आडवे पडले होते. डोकं दगडी उंबऱ्यावर, पांढऱ्या केसांत रक्त. लोखंडी कपाट सताड उघडं आणि वरच्या फळीवरचं, लाल खारव्याच्या फडक्यात बांधलेलं कागदांचं बासन गायब.

वनमाला किंचाळली. पण ऐकणार कोण? गल्लीतल्या बारापैकी आठ घरांना कुलपं होती. माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली, ती आता उन्हाळ्याच्या तोंडालाच परतणार. शेवटी चौकातला छपाईवाला शहादेव धावत आला. त्यानंच गाडी बोलावली, गुरुजींना उचलून बीडला नेलं, दवाखान्यात आपलं रक्तही दिलं. डॉक्टर म्हणाले, जीव आहे, शुद्ध नाही. कधी येईल ते सांगता येत नाही.

आता त्या बासनाचं सांगितलं पाहिजे. त्यात एक बाड होतं, मोडी अक्षरातलं, चौल बंदराच्या इतिहासाचं. वडवणीतले जमीनदार आणि पुढारी विजयसिंह यांचे पूर्वज सुभानराव. ते बीडचं कापड बैलांच्या तांड्यावर लादून घाट उतरायचे आणि थेट चौलला न्यायचे. तिथं जे पाहिलं, ते त्यांच्या कारकुनानं लिहून ठेवलं. कुठली गलबतं आली, फिरंग्यांनी कोट कसा बांधला, खाडी गाळानं कशी भरत गेली, सगळं. त्या बाडावरून गुरुजी तीस वर्षं चौलचा इतिहास लिहीत होते. आणि गंमत अशी, की या माणसानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता! बाजारात टवाळ पोरं विचारायची, "काय गुरुजी, आज भरती का ओहोटी?" गुरुजी हसून म्हणायचे, "वडवणीत कायमची ओहोटी हाय बाबा."

वनमाला त्यांची एकुलती एक लेक, जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण. आई गेल्यावर बापूंना सांभाळायला म्हणून तिनं बदली मागून घेतली. लहानपणी तिला राजाराणीच्या गोष्टी नव्हत्याच. तिला चौलच्या गोष्टी. "चौलात अरबी घोडा मिळायचा, चिनी बरणी मिळायची, पर गोडं पानी मातर इकत घ्यावं लागायचं," असं बापू सांगायचे आणि ती खिदळायची.

दवाखान्यात परिचारिकेनं गुरुजींची उजवी मूठ सोडवली. आत छापील कागदाचा बोळा होता. पुस्तकाच्या कच्च्या छपाईतलं पान, एकशे बारा. समासात लाल पेन्सिलीनं काढलेलं मोठं प्रश्नचिन्ह.

तेवढ्यात वनमालाचा फोन वाजला. नंबर अनोळखी. पलीकडं आधी कुणीतरी नुसतं श्वास घेत होतं. मग दबका, तोंडावर फडकं धरल्यासारखा आवाज आला.

"गुरुजी शुद्धीवर आले का?"

आणि फोन बंद.

२

"रडायला नंतर लई टाईम हाय. आधी पान दाखव," बीडहून परतलेल्या वनमालाला सत्यशीलाआक्का आपल्या घरात म्हणाल्या.

आक्का शेजारच्याच. जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. खोटे फेरफार, खोटी वाटणीपत्रं, मेलेल्या माणसांचे अंगठे, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलेलं. खोटा कागद आपल्याला वासानं कळतो, अशी त्यांची शेखी होती आणि ती फुकाची नव्हती. मोडी घडाघडा वाचायच्या. गुरुजी बाडातला मजकूर एकेका वहीत उतरवून काढत आणि छपाईला द्यायच्या आधी तपासायला आक्कांकडं देत.

आक्कांनी मिसरीची डबी बाजूला ठेवली आणि पान मोठ्यानं वाचलं.

"दुश्मनाने खाडीच्या मुखी तोफा लाविल्या. सुभानराव रातोरात घोड्यावर बसून पळाले. तांड्याचा नाईक बहिरू मागे राहिला. घाट उतरून आलेल्या बैलांना त्याने खाडीवर पाणी दाखविले, पोटभर पाजले, सारा माल त्यांच्या पाठीवर घातला आणि एकही गोणी न गमावता बीडास आणिला."

वनमालानं चमकून वर पाहिलं. "आक्का, सुभानराव पळाले? इजयसिंहदादानं हे वाचलं आसंल तर..."

"तर डोकं फोडील. हेच म्हनायचंय ना तुला?"

विजयसिंहांना नाही म्हणणारा माणूस त्या पंचक्रोशीत नव्हता. पुस्तकाचा खर्च त्यांचाच, पंधरा दिवसांनी प्रकाशन, सुभानरावांचा पुतळासुद्धा ठरलेला.

आक्का पानाकडं बघत राहिल्या. चेहरा जेवताना खड्यावर दात पडल्यासारखा. "वने, कुनी बी आलं तरी ह्या पानाचं बोलू नगंस. फोनवाल्याला तर आजाबात न्हाई."

बाहेर गाडीचे ब्रेक करकचून वाजले.

३

विजयसिंह चपला न काढता आत आले. मागं त्यांचा ड्रायव्हर सुग्रीव, मान खाली घालून.

"बाड कुठंय?" त्यांनी विचारलं.

"चोरीला गेलंय, दादा."

"चोरीला गेलं का दडवलं? माझ्या मोबाईलवर कुनीतरी पान धाडलंय. माझा पूर्वज पळपुटा! तीस वर्सं आमी ह्या मास्तराला देवावानी मानलं अन् त्यानं खोटं लिहिलं. लिहिलं ते लिहिलं, वर बाडच गायब केलं. म्हंजी आमी कशावरनं खोटं ठरवायचं?" त्यांचा आवाज चढला. "दोन दिवसांत बाड पायजे. न्हाई तर गुरुजी शुद्धीवर यायच्या आधी त्यांच्यावर केस होईल. मास्तरानं खोटा इतिहास रचला, हे सगळ्या जिल्ह्याला कळंल."

वनमालाला रडूच फुटलं. बापूंनी आयुष्यभर जपलं काय, तर नाव. दुसरं होतं काय त्यांच्याकडं?

आक्का मात्र विड्याचं पान लावत शांत बसल्या होत्या. "इजयसिंह, बस बाबा. तू कालिजाला मुंबईला व्हतास ना? चौपाटीवर जायचास का?"

"हे काय इचारनं झालं?"

"म्हातारीला सांग की."

"रोज जायचो. त्याचं काय आता?"

"काय न्हाई. अन् बैलं किती हायत तुझ्याकडं?"

"आवो, वडलांनीच इकली. तवापासून टॅक्टर." ते चिडून उठले. "आक्का, तुमचं वय झालंय. म्हनून सोडतो."

गाडी धुरळा उडवत गेली. वनमालानं डोळे पुसले. "आक्का, तुमी बैलाचं कावून इचारलं?"

आक्का उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच फोन वाजला. तोच दबका आवाज.

"आले का शुद्धीवर?"

४

सुग्रीव आक्का आणि वनमालाला गाडी धुताना सापडला. तो त्या दिवशी दुपारी गुरुजींच्या गल्लीत दिसला होता, असं पिठाच्या गिरणीवाल्यानं सांगितलं होतं.

"आलतो की," तो म्हणाला. "वह्या गुरुजीकडनं छपाईला, छपाईचे कागद आधी सायबाच्या हाफिसात, मंग गुरुजीकडं. सगळी ने-आन माझ्याच गळ्यात. त्या दिवशी कागद खिडकीतनं दिले अन् गेलो. आत पाय ठिवला न्हाई, आईशप्पत."

"सायबानं तुला गेल्या महिन्यात चारचौघांत थोबाडलं म्हने?" आक्कांनी विचारलं.

सुग्रीवचा चेहरा पडला. "म्हनून मी त्याच्या खानदानावर खोटं लिहीन? मला कागदातलं काय कळतंय?"

"सायबाचा कांदा घेऊन कुठवर जातोस?"

"उरनच्या बंदरावर, म्हैन्याला दोन खेपा." तो तोंड वाकडं करून हसला. "पयल्या खेपंला खाडीच्या पान्यानं चूळ भरली. आठ दिस जिभंची चव गेलती."

तिथून दोघी चौकात शहादेवच्या दुकानात गेल्या. शहादेव संगणकापुढं बसला होता, डोळे लाल, दाढी वाढलेली. वनमालाला बघून झटकन उठला.

"ताई, बसा. गुरुजी कसे हायत? मला दोन दिस झोप न्हाई बघा."

बिचारा, वनमालाला वाटलं. ज्यानं रक्त दिलं, त्याच्या दारात संशय घेऊन यायचं म्हणजे तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आक्कांनी एकशे बारावं पान पुढं केलं. शहादेवनं त्याच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. "जे कागद आले ते टाईप केलं, आक्का. मी अक्षरामागं अक्षर मारतो, अर्थ कोन बघत बसतो? गुरुजीच्याच कागदात आसंल. त्यांचे हातानं लिहिलेले कागद सुग्रीव परत घेऊन गेला."

वनमाला त्या पानाकडं बघत राहिली. गुरुजींच्याच कागदात? तीस वर्षं झाली, पुस्तक संपत नव्हतं, बाडाची शेवटची पानं वाळवीनं जागोजागी खाल्लेली. बापूंनी मोहानं मनचं लिहिलं असेल का? तिला स्वतःच्याच विचाराची भीती वाटली.

आक्कांनी विषयच बदलला. "आईबाप कुठं हायत रं औंदा?"

"कोल्लापूरकडं, कारखान्यावर. बैलगाडीच हाय अजून. मीबी गाडीखालच्या झोळीतच वाढलो." पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला. "बाप लई जीव लावतो बैलाला. किती बी लांबून गाडी येऊ द्या, आधी बैलाला पानी दाखवनार, मंग आपन पेनार. आमच्यात रीतच हाय तशी."

"चांगली रीत हाय. समुद्र पाह्यलास का कवा?"

"मोबाईलवर," शहादेव म्हणाला. "आपल्याला कुठला समुद्र, आक्का? ऊस नेईल तिथवर आपली दुनिया."

आक्का उठल्या. पायरी उतरताना त्यांनी वनमालाचा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी वनमाला बापूंचे कपडे घ्यायला एकटीच घरी आली. आतून कडी लावली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कपाटाचं दार अजून तसंच उघडं, उंबऱ्यावरचा डाग धुऊनही राहिलेला. तिला तिथं क्षणभर थांबवेना.

आणि कडी हलली.

बाहेरून कुणीतरी दार हळूच दाबत होतं. एकदा, दोनदा. वनमालानं तोंडात पदर कोंबला. खिडकीपाशी जाऊन तोंड बघायची हिंमत तिला होईना. जो आला होता, त्याला बापूंनी तोंड बघूनच आत घेतलं होतं, हे तिला तेव्हाच उमगलं. ओळखीचा माणूस. रोजचा. दार आणखी एकदा दबलं. मग पावलं लांब गेली.

पिशवीतला फोन थरथरला. नंबर तोच.

"आले का?" आवाज आता रडवेला होता. "सांगा की, आले का?"

ती मागच्या दारानं पळत सुटली ती थेट आक्कांच्या ओट्यावर जाऊन कोसळली. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी पाजलं आणि म्हणाल्या, "बास झालं. आता आपनच त्याला उत्तर देऊ. गावात सांग, गुरुजींनी डोळे उघडले, उद्या दुपारी पोलिसांना जबाब देनार."

"आक्का! तो दवाखान्यात येईल की!"

"म्हनूनच."

६

दवाखान्यातली दुपार. गुरुजी तसेच पडलेले, डोळे मिटलेले, नाकात नळी. पडद्याआड साध्या कपड्यातला हवालदार स्टुलावर बसलेला. वनमाला आक्कांना चिकटून उभी होती.

"आता तरी सांगा, कोन हाय तो?"

आक्कांनी पिशवीतून एक वही काढली. "ही तुझ्या बापाची शेवटची वही. मागच्या सोमवारी तपासायला दिलेली. ही छपाईला गेलीच न्हाई, अन् गेलेल्या साऱ्या वह्या मी तपासल्यात, त्यात हे पान न्हवतं. म्हंजी एकशे बारावं पान बाडातलं न्हाई, तुझ्या बापाचंबी न्हाई. कुनीतरी मधीच घुसडलंय. गुरुजींना ते दिसलं, त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं. पर कशावर? सगळे म्हनले, सुभानराव पळाले त्यावर. मी म्हनते, बैलावर."

"बैलावर?"

"खाडीवर बैलाला पानी पाजलं! आगं, खाडी म्हंजी समुद्राचंच पानी, खारट जहर. बैल तोंड लावील का? समुद्र खारा हे शाळंतल्या पोराला ठावं हाय. पर खाडी म्हनलं की आपल्याकडच्या मानसाला वाटतं, आसंल आपल्या सिंदफना नदीवानी कायतरी. इजयसिंह कालिजात रोज चौपाटीवर जायचा, सुग्रीवनं खाडीची चूळ भरली, तुझा बाप तर गोडं पानी इकत मिळायचं ह्या गोष्टी तुला झोपताना सांगायचा. त्यातलं कुनी ही चूक करनार न्हाई. आन् इजयसिंहाचं म्हनशील, तर पूर्वज पळाला न्हाई हे दाखवायला त्यालाच बाड पायजे. तो कावून पळवील?"

वनमालाला ते कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

"आता उलटं बघ. तोफा लागल्यात, शहर जळतंय, आशा टायमाला लिहिनाऱ्याला सुचतं काय? घाट उतरून आलेल्या बैलाला आधी पानी दाखवनं. हे मास्तराला सुचनार न्हाई, टॅक्टरवाल्याला न्हाई, डायव्हरला न्हाई. बैलाच्या गाडीखाली वाढलेल्यालाच सुचंल."

"पर त्यानं रक्त दिलंय, आक्का!"

"दिलंय. अन् सारखा फोन करून इचारतोय, ते लागू पडलं का म्हनून."

पडदा हलला.

शहादेव आत आला. डोळे खोल गेलेले, अंगात गळ्यापर्यंत बंद केलेला स्वेटर. त्यानं आधी पलंगाकडं पाहिलं, मग वनमालाकडं. काही न बोलता त्यानं उजवा हात स्वेटरच्या आत घातला.

वनमाला किंकाळी फोडून बापूंच्या अंगावर आडवी पडली. हवालदार झेपावला.

शहादेवच्या हातात लाल खारवा होता. नुसता. रिकामा.

"कपडा तेवढा जळला न्हाई माझ्या हातानं," तो म्हणाला आणि फरशीवरच बसला. "बाकी सगळं जाळलं."

हवालदारानं त्याचा दंड धरला, तो त्यानं धरू दिला.

"गुरुजींचा फोन आलता. शहादेव, एकशे बाराव्या पानाचं बोलायचंय, ये म्हनले. मला वाटलं, आता पोलीस, आता सगळ्या गावात छी-थू. बाडच नसलं तर पान खोटं कोन ठरवंल, म्हनून मी बाड उचललं, गुरुजीनं धरलं, मी वढलं, त्यांचा हात सुटला अन् ते मागं गेले. ताई, मला मारायचं नव्हतं वो! काल दुपारी तुमच्या घरी आलतो ते पाया पडायलाच. दार वाजवायची छाती झाली न्हाई."

"कावून लिहिलंस ते पान?" वनमालानं विचारलं. भीती गेली होती, तिच्या जागी काहीतरी जड येऊन बसलं होतं.

"पोळ्याला आमच्यात पयला घास बहिरूबाच्या नावानं बैलाला देतेत. आजा सांगायचा, बहिरूबा चौलाला तांडा न्यायचा, परत आलाच न्हाई. सगळं पुस्तक टाईप केलं, ताई. पानोपानी सुभानराव. बैलं ज्यांनी हाकली त्यांचं नावबी न्हाई? मला वाटलं, एक पान. एका पानानं कुनाचं काय जातंय? अन् मोबाईलवर मीच धाडलं दादाला. एकदा तरी वाचावं त्यांनी."

आक्का मिसरीच्या डबीशी चाळा करत राहिल्या. छत्तीस वर्षांत त्यांनी कितीतरी खोटे कागद पकडले होते, पण असा नव्हता.

"नाव मला कोड्यात टाकत व्हतं," त्या म्हणाल्या. "खोट्या पानात बहिरू, अन् खऱ्या वहीतबी बहिरू. हे कसं, अन् खाली गुरुजींनी तुझ्या घराचं कावून लिहिलंय, ते मला कळंना. आता कळलं. ऐक. बाडाचं शेवटचं पान हाय हे."

त्यांनी वही उघडली.

"बैल खाडीचे पाण्यास तोंड लाविनात. कोटांत रयत तहानेने व्याकूळ. बहिरू नाइकाने दीड कोसावरून गोडे पाणी पखालींत भरून बैलांवर आणिले. निम्मे बैलांस दिले, निम्मे रात्रीचे कोटांत पोचविले. आठ दिवस ऐसे केले. नववे दिवशी गोळा लागोन पडला. सुभानरावांनी आपले हाते माती दिली. चौलात त्याचे नांव घेतल्याविना कोणी पाणी पीत नाही."

खाली गुरुजींच्या लाल पेन्सिलीत एक ओळ होती. तीही आक्कांनी वाचली. "शहादेवाच्या घरी विचारणे. हा त्यांचाच बहिरू असला, तर पोराला बोलावून स्वतः वाचून दाखवणे."

शहादेवनं रिकामा खारवा तोंडाला लावला. हवालदारालाही त्याला उठवायचं सुचेना.

७

गुरुजींना त्यानंतर पाचव्या दिवशी शुद्ध आली. फौजदार जबाबाची वही घेऊन समोर बसले. कुणी ढकललं, असं त्यांनी तीनतीनदा विचारलं. "कुनी न्हाई," गुरुजी पुटपुटले. "पाय घसरला." फौजदार वैतागून गेले. शहादेवनं मात्र आपला जबाब आधीच लिहून दिला होता आणि तो बदलायला तो तयार नव्हता.

बाड गेलं, हे वनमालानं बापूंना कसं सांगितलं ते तिचं तिलाच ठाऊक. आता आक्कांकडच्या वहीवर कोण विश्वास ठेवणार? जिल्हा म्हणणार, मास्तरानं रचलं. विजयसिंहांनी आपणहून येऊन सांगितलं, की मी विश्वास ठेवीन, मी छापीन. पण त्यांच्या पूर्वजानं स्वतःच्या हातानं माती दिली, असं त्यात होतं, तेव्हा ते ठेवणारच होते. खरा कागद दाखवा म्हटल्यावर दाखवायला एका लाल फडक्याशिवाय कुणाकडं काही उरलं नव्हतं.

गुरुजींनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शहादेवला पान वाचून दाखवलं का?"

"दाखवलं, बापू. आक्कांनी."

"काय म्हनला?"

वनमालानं चमच्यात पाणी घेतलं, पण चमचा हातातच राहिला.

"पोलीस न्ह्यायला लागले तवा दारात थांबला. एवढंच इचारलं त्यानं, दीड कोस म्हंजी आपल्याकडं कुठून कुठवर?"

गुरुजींनी डोळे मिटले. पाणी त्यांनी नंतर घेतलं.